अंगणात स्विमिंग पूल : खड्डा खणण्याआधीचे पाच प्रश्न

घर, जागा आणि कायदा या आपल्या मालिकेच्या आजच्या भागात जरा थंडगार विषय घेऊ. घरचा स्विमिंग पूल.

काही वर्षांपूर्वी हा विषय घेतला असता तर लोक हसले असते. आज तसं राहिलेलं नाही. नाशिकच्या बाहेर फार्महाऊस बांधणारे, गोव्यात जुनं घर दुरुस्त करणारे, बडोदा-इंदूरला बंगला असलेले, बंगळुरू-हैदराबादला रो-हाऊस घेतलेले, अशा अनेकांच्या यादीत पूल असतो. पण कामाला सुरुवात कशी होते? कंत्राटदार येतो, जागा बघतो, दर सांगतो. तुम्ही विचारता, "परवानगी वगैरे काही लागेल का हो?" आणि उत्तर येतं, "अहो साहेब, खड्डाच तर आहे. वर काही बांधतोय का आपण? त्याला कसली परवानगी!"

हे वाक्य महागात पडतं. आधी ते का चुकीचं आहे ते बघू. मग परवानगीचं अख्खं जंगल पाच साध्या प्रश्नांत बसवू.

कायद्याला जमिनीखालचंही दिसतं

महाराष्ट्रात बांधकामाचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. लोक त्याला एमआरटीपी म्हणतात. त्यात 'विकास' या शब्दाची व्याख्या आहे. जमिनीत, जमिनीवर, जमिनीच्या वरच्या बाजूला किंवा जमिनीखाली केलेलं इमारतीचं, अभियांत्रिकीचं, खाणकामाचं किंवा तसं काम म्हणजे विकास. 'जमिनीखाली' हा शब्द तिथे मुद्दाम आहे. सिमेंट-सळईची भिंत जमिनीच्या वर आली नाही म्हणून ती कायद्यातून सुटत नाही.

आणि हे फक्त महाराष्ट्रात नाही. गोव्याचा १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा, गुजरातचा १९७६ चा, कर्नाटकचा १९६१ चा, मध्य प्रदेशचा १९७३ चा, दिल्ली विकास प्राधिकरणाचा १९५७ चा, या सगळ्यांत 'विकास' याच धाटणीने सांगितलेला आहे. त्यामुळे तुम्ही बेळगावात असा, ग्वाल्हेरला असा किंवा मडगावला, "खड्डाच तर आहे" हा बचाव कुठेच टिकत नाही.

फुगवून अंगणात ठेवायचा आणि उन्हाळा संपला की गुंडाळायचा मुलांचा पूल वेगळा. त्यासाठी कोणी नकाशा मंजूर करून घेत नाही. पण खोदून, काँक्रीट ओतून किंवा फायबरचं भांडं पुरून केलेला तलाव हे कायमचं बांधकाम आहे.

आधी आपलं कार्यालय ओळखा

देशभर लागू होईल असा घरगुती पूलचा एकच परवाना नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ आहे, पण ती मार्गदर्शक आहे. राज्याने किंवा महापालिकेने आपल्या नियमात घेतली की ती बंधनकारक होते. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्याला कोणती नियमावली लागू आहे ते शोधणं.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आहे. आर्किटेक्ट मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात. ती जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे, पण काही जागा तिच्यातून वगळल्या आहेत. मुंबईला स्वतंत्र नियमावली आहे, विकास आराखडा २०३४ ची. एमआयडीसीचं क्षेत्र वेगळं. आणि गंमत बघा, थंड हवेच्या ठिकाणांच्या नगरपरिषदा, केंद्राने जाहीर केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं आणि लोणावळा नगरपरिषद हेही यूडीसीपीआरच्या बाहेर आहेत. म्हणजे पूलवाले बंगले जिथे सगळ्यात जास्त हवे असतात, तिथेच पुण्याचे नियम चालत नाहीत. पुण्यातल्या मित्राने काय केलं ते महाबळेश्वरला उपयोगाचं नाही.

गोव्यात २०१० ची जमीन विकास व इमारत बांधकाम नियमावली आहे. तिथे साधारण वाट अशी: जमिनीची सनद, मग नगर नियोजन खात्याचा तांत्रिक दाखला, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला आणि शेवटी पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना. गुजरातेत २०१७ ची राज्यव्यापी नियमावली, मध्य प्रदेशात २०१२ चे भूमी विकास नियम, तामिळनाडूत २०१९ चे एकत्रित नियम, दिल्लीत २०१६ चे इमारत उपविधी. तेलंगणात २०२० च्या कायद्याने ऑनलाइन आणि स्वयंघोषणेवर चालणारी पद्धत आली. पण नीट लक्षात घ्या, स्वयंघोषणा म्हणजे सूट नव्हे. उलट, खोटं लिहिलं तर जबाबदारी थेट तुमच्या सहीवर येते. बंगळुरूत सप्टेंबर २०२५ पासून एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आहेत, त्यामुळे तुमचा भाग कोणाकडे गेला ते आधी बघा.

नियमावली कळली की आता पाच प्रश्न. क्रमही हाच ठेवा. कारण पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढच्या चारांवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिला प्रश्न : ही जमीन कशासाठी आहे?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. जमीन निवासी आहे की शेतीची?

फार्महाऊसवाल्यांनी इथे कान टवकारून ऐका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, खत, चारा, धान्य ठेवायला, गुरं बांधायला, किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबाने, गड्यांनी राहायला बांधलेली वास्तू. थोडक्यात, शेतीशी जोडलेली. शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने द्यायचा निळ्या टाइल्सचा तलाव या व्याख्येत कसा बसवणार?

मग काही जण डोकं चालवतात. "कागदावर शेततळं दाखवू." शेततळं हे पीक जगवण्यासाठी असतं. त्याला टाइल्स, पाण्याखालचे दिवे आणि उतरायला स्टीलची शिडी नसते. तलाठी किंवा मंडळ अधिकारी पाहणीला आले की दोन मिनिटांत कळतं. आणि शेततळ्यासाठी सरकारी अनुदान घेतलेलं असेल तर गोष्ट फक्त बांधकामाची राहत नाही.

गोव्यात शेतीच्या किंवा इतर बिगरनिवासी जमिनीला सनद लागते. गोवा जमीन महसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली वापर बदलून मिळतो. सनद नसेल तर पुढचा कागद सरकतच नाही.

सोसायटीत किंवा रो-हाऊसमध्ये राहत असाल तर आणखी एक बाब. घरामागची मोकळी जागा खरंच तुमच्या नावावर आहे, की फक्त वापरायला दिली आहे? अनेक ठिकाणी ती सोसायटीची सामायिक जागा असते. मग सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. प्रकल्प अजून बिल्डरच्याच हाती असेल, तर रेराच्या कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात आणि सामायिक जागेत मोठा बदल करायला दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. एकट्या बिल्डरच्या "करा हो, काही नाही होत" ला किंमत नाही.

दुसरा प्रश्न : प्लॉटवर नेमका कुठे?

प्लॉटच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत जी मोकळी जागा सोडावी लागते तिला सामासिक अंतर म्हणतात. बोलीभाषेत मार्जिन. पूल साधारण त्याच जागेत बसवायचा मोह होतो, कारण तीच रिकामी दिसते. पण ती जागा हवा-उजेडासाठी असते, अग्निशमनाची गाडी जायला असते, सेप्टिक टँक आणि पाण्याच्या टाकीसाठी असते.

म्हणून नियमावलीतलं सामासिक अंतराचं प्रकरण उघडायचं आणि त्यात मोकळ्या जागेत कोणत्या गोष्टी चालतात ती यादी वाचायची. आर्किटेक्टला तीन नेमके प्रश्न विचारा. पूल मार्जिनमध्ये चालतो का? हद्दीपासून किती अंतर हवं? वर छप्पर घातलं तर ते चटई क्षेत्रात मोजलं जाईल का? उघडा पूल आणि छप्पर घातलेला पूल यांचा हिशोब वेगळा होऊ शकतो. आज उघडा मंजूर करून पुढच्या वर्षी वर शेड टाकली, तर ते नवीन बांधकाम.

आता प्लॉटच्या बाहेर बघा. चार गोष्टी तपासा.

एक, समुद्र आणि खाडी. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा सागरी किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये येतो. खाडीकाठालाही पट्टा आहे. अलिबाग, मालवण, गोवा, कारवार इथल्या लोकांनी हे आधी बघायचं. पंचायतीने परवाना दिला तरी सीआरझेडची मंजुरी वेगळी लागते.

दोन, पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ ची, माथेरानला २००३ ची केंद्राची अधिसूचना आहे. तिथे खोदकामापासून बोअरवेलपर्यंत सगळ्यावर वेगळी नजर असते.

तीन, जुनी स्मारकं. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडची परवानगी. विजापूर, तंजावर, ग्वाल्हेर अशा गावांत घरं असलेल्यांना हे माहीत असतं. पण पूल म्हणजे बांधकाम नाही असं समजून तेही फसतात.

चार, झाडं. खड्ड्याच्या जागी आंबा किंवा वड असेल तर तो स्वतःच्या अंगणातला असूनही परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा, गोव्यात १९८४ चा, दिल्लीत १९९४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

तिसरा प्रश्न : हे टिकेल का?

हा प्रश्न कार्यालयाचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. पण कार्यालय त्याचा दाखला मागतं आणि का मागतं ते समजून घ्या.

एक मध्यम घरगुती पूल धरू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. पाणी किती? ८ गुणिले ४ गुणिले १.२, म्हणजे ३८.४ घनमीटर. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर, आणि त्याचं वजन एक टन. म्हणजे ३८,४०० लिटर पाणी आणि ३८ टनांहून जास्त वजन. एक-एक टनाच्या ३८ छोट्या मोटारी अंगणात रचल्यासारखं.

जमिनीवर हे ठीक आहे. गच्चीवर? भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो आणि वापरात असलेल्या गच्चीसाठी १५० किलो भार धरतात. १.२ मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १,२०० किलो. आठ पट! अगदी फूटभर पाण्याचा फुगवायचा पूलसुद्धा ३०० किलोच्या घरात जातो. म्हणून जुन्या इमारतीच्या गच्चीवर "छोटासाच करू" हे वाक्य इंजिनिअरशिवाय कोणीही उच्चारू नये. खाली माणसं झोपलेली असतात.

जमिनीतल्या पूलचे दोन वेगळे धोके आहेत. पहिला शेजाऱ्याचा. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे, आणि त्यात शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क मानलेला आहे. तुम्ही हद्दीला चिकटून दोन मीटर खोल खणलंत आणि पावसात शेजाऱ्यांची जमीन घसरली, तर "मी माझ्याच जागेत खणलं" हे उत्तर पुरत नाही. खड्डा जितका खोल, निदान तितकं तरी अंतर हद्दीपासून सोडावं, हा ढोबळ अंदाज धरा आणि माती बघून इंजिनिअरला ठरवू द्या.

दुसरा धोका ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. रिकामा पूल तरंगतो! कोकणात, गोव्यात पावसाळ्यात भूजल वर येतं. तळ साफ करायला तुम्ही पूल उपसला आणि बाहेरचं पाणी तळापासून एक मीटर चढलेलं असेल, तर आपल्या ३२ चौरस मीटरच्या पूलला खालून ३२ टनांचा रेटा बसतो. फायबरचं हलकं भांडं तर सरळ वर उचललं जातं, काँक्रीटला तडे जातात. यावर उपाय आहे. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व, बाजूने निचरा, आणि पावसाळ्यात पूल रिकामा न करण्याची शिस्त. नकाशात हा व्हॉल्व दाखवायला सांगा. काँक्रीट पाणी धरणारं आहे, म्हणून डिझाइन आयएस ३३७० प्रमाणे आहे का, हेही विचारा.

खणलेल्या मातीचंही बघा. ती प्लॉटच्या बाहेर नेऊन विकली किंवा दुसरीकडे भरावाला टाकली, तर महसूल खातं गौण खनिजाचं स्वामित्वधन मागू शकतं. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की पायासाठी खणलेली माती त्याच जागी पुन्हा भरली तर ती या कचाट्यात येत नाही. मातीचा शेवटी वापर कशासाठी झाला ते बघायचं. तेव्हा ट्रक बाहेर पडण्याआधी तहसील कार्यालयात विचारा.

चौथा प्रश्न : पाणी कुठून येणार, कुठे जाणार?

३८,४०० लिटर म्हणजे दहा हजारी टँकर चार. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांच्या घराला ५४० लिटर. म्हणजे पूल एकदा भरायला चौघांचं ७१ दिवसांचं पाणी. ग्रामीण भागात जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटर आहे. त्या हिशोबाने चौघांचं जवळपास सहा महिन्यांचं.

शिवाय बाष्पीभवन. उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर रोज १९२ लिटर गेलं. एका माणसाच्या दिवसाच्या पाण्यापेक्षा जास्त, आणि त्यात कोणी आंघोळही केलेली नाही.

म्हणून पाण्याची परवानगी ही कागदी औपचारिकता समजू नका. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी स्विमिंग पूलमध्ये वापरायला बंदी घातली, मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड. परवानगी घेऊन बांधलेले पूलसुद्धा त्या उन्हाळ्यात अडचणीत आले. मध्य प्रदेशात १९८६ चा पेयजल परिरक्षण कायदा आहे. जिल्हाधिकारी टंचाईचं क्षेत्र जाहीर करतात आणि मग नवीन बोअरही परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्रात २००९ चा भूजल कायदा आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती वापराला सूट आहे, पण त्याच वर्षी भूजलातून घेतलेलं पिण्यायोग्य पाणी वाया घालवायला मनाई करणारे निर्देशही आले. आपल्या घरचा पूल 'घरगुती गरज' आहे असं आपल्याला वाटतं. हंडा घेऊन उभ्या असलेल्या गावाला तसं वाटेलच असं नाही.

काय करायचं? अर्जात पाण्याचा स्रोत स्पष्ट लिहा. पावसाचं पाणी साठवून गाळून पूल भरता येईल का ते बघा. पूलवर आच्छादन घाला, बाष्पीभवन बरंच कमी होतं. चांगलं फिल्टर असेल तर दरवर्षी पाणी बदलावं लागत नाही. पोहण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी आयएस ३३२८ हे भारतीय मानक आहे, ते पूलवाल्याला दाखवा.

आणि निघणारं पाणी? फिल्टर उलटा धुतला की क्लोरीनचं गढूळ पाणी बाहेर पडतं. ते शेजाऱ्याच्या शेतात, ओढ्यात किंवा विहिरीत सोडायचं नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने ते बंद आहे. पाणी कुठे मुरवणार किंवा कोणत्या गटाराला जोडणार, ते नकाशात दाखवा.

न वापरलेला पूल म्हणजे डासांची शाळा, हेही विसरू नका. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेचा आरोग्य विभाग बंद बंगल्यांवर नोटीस चिकटवतो, त्याचं कारण असं साचलेलं पाणी असतं. गोव्यात बांधकामाच्या मजुरांनाही आरोग्य कार्ड लागतं, ते मलेरियासाठीच. खड्डा खणून काम अर्धवट राहिलं आणि त्यात पाऊस साठला, तर पूल व्हायच्या आधीच नोटीस येईल.

पाचवा प्रश्न : त्यात कोण उतरणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा प्रश्न कार्यालयात बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, म्हणून आपणच विचारायचा.

फ्रान्समध्ये जानेवारी २००३ चा कायदा आहे. जमिनीत बांधलेल्या खासगी पूललाही कुंपण, गजर, सुरक्षित झाकण किंवा बंदिस्त आच्छादन, यांपैकी एक तरी हवंच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९९२ पासून स्विमिंग पूलचा वेगळा कायदा आहे. तिथे घरच्या पूलभोवती १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार लागतं. आपल्याकडे खासगी घरगुती पूलच्या कुंपणासाठी देशभर लागू असा वेगळा कायदा नाही. म्हणजे सगळे कागद पूर्ण असूनही तुमचा पूल उघडाच असू शकतो.

लोणावळ्याच्या परिसरात भाड्याने दिलेल्या बंगल्यांच्या पूलमध्ये लहान मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मोठी माणसं सामान उतरवत असतात, आणि मूल नवीन जागेत पाण्याकडे चालत जातं. पाण्यात बुडणारं मूल ओरडत नाही. त्याला ओरडायला श्वासच नसतो. म्हणून परदेशातला नियम आपण स्वतःला लावून घ्यायचा: चारही बाजूंनी १.२ मीटर कुंपण, चढायला आडव्या पट्ट्या नाहीत, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं, कडी मुलाच्या हाताला न लागणारी. नकाशातच दाखवा, म्हणजे ते 'नंतर बघू' च्या यादीत जाणार नाही.

वीज दुसरी. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पूलपासून दूर, पंपाला अर्थिंग आणि सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. परवानाधारक वायरमनकडून काम आणि त्याचा लेखी अहवाल. चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

आणि भाडं. पूल घरच्यांसाठी होता तोवर तो खासगी. पैसे घेऊन पाहुणे ठेवायला लागलात की वापर व्यावसायिक होतो. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. इतर राज्यांतही स्थानिक परवाने, सुरक्षारक्षक, विमा हे विषय येतात. दिल्लीत सार्वजनिक पूलचे परवाने वर्षानुवर्षं पोलीस देत होते. जून २०२५ मध्ये ते काम पोलिसांकडून काढलं गेलं. म्हणजे परवाना देणारा बदलू शकतो, पण जबाबदारी मालकाकडेच राहते. हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फाइल कशी लावायची

पाच उत्तरं हातात आली की अर्ज सोपा होतो. नवीन घर बांधत असाल तर पूल मूळ नकाशातच दाखवा. त्यासाठी वेगळी फाइल लागत नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रात तो येतो. जुन्या घराला पूल जोडत असाल तर सुधारित नकाशा लागेल. सोबत मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, पूलचा आडवा छेद आणि खोली, हद्दीपासूनची अंतरं, इंजिनिअरचा दाखला, पाण्याचा स्रोत, निचरा आणि कुंपण.

एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांची मुदत आहे. तोवर उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं. पण प्रस्ताव नियमांत पूर्ण बसत असेल तरच. फक्त ६० दिवस मोजून कुदळ मारू नका. मिळालेली परवानगीही साधारण एक वर्षाची असते, दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि त्या वाढीलाही मर्यादा आहे.

परवानगीशिवाय बांधला तर? काम थांबवायची नोटीस, पाडायची नोटीस, कलम ५२ खाली खटला. शिवाय घर विकताना किंवा कर्ज घेताना बँकेचा मूल्यांककर्ता मंजूर नकाशा आणि जागा ताडून बघतो. नकाशात नसलेला पूल तिथे पहिल्याच नजरेत दिसतो. दंड भरून तो नियमित होईल या भरवशावर राहू नका. मुळात नियमात बसणारं बांधकामच नियमित होऊ शकतं. मार्जिनच चुकलं असेल तर पैशाने ते सरकत नाही.

तेव्हा उद्या कंत्राटदार म्हणाला, "खड्डाच तर आहे," तर त्याला चहा द्या आणि हे पाच प्रश्न विचारा. जमीन कशासाठी आहे? प्लॉटवर कुठे? टिकेल का? पाणी कुठून येणार, कुठे जाणार? आणि त्यात कोण उतरणार? पहिल्या चारांची उत्तरं कार्यालय मागेल. पाचव्याचं उत्तर तुम्ही स्वतःला द्यायचं आहे. कुंपणाचे पैसे पुरत नसतील, तर पूल पुढच्या वर्षी करा.